बोललेले खोलीतच राहावे: किनारपट्टीच्या गावांत तरुणांचा संवादगट कसा चालवावा

कोकणातल्या वाडीत सकाळी कुणाच्या घरी भांडण झाले, तर दुपारच्या एसटीने उतरणाऱ्या माणसाला ते थांब्यावरच कळते. या जवळिकीचा आधारही मोठा असतो; घरात कुणी आजारी पडले तर न सांगता शेजारून पेजेचे भांडे येते. पण ज्या सतरा वर्षांच्या मुलाला रात्ररात्र झोप लागत नाही, किंवा ज्या मुलीला वर्गात बसल्या बसल्या छाती दडपल्यासारखी होते, त्यांच्या तोंडाला हीच जवळीक कुलूप लावते. गेली काही वर्षे मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत तरुण मुलामुलींचे संवादगट घेत आहे. पहिल्या भेटीत "यामुळे बरे वाटेल का?" असे मला क्वचितच कुणी विचारते. विचारले जाते ते असे: "ताई, हे बाहेर कुणाला कळणार नाही ना?"

गट कुठे भरवायचा, कुणाला घ्यायचे, पहिल्या दिवशी काय बोलायचे, वही कुठे ठेवायची, हे सगळे या एका प्रश्नाच्या उत्तरातून ठरत जाते. तालुक्याच्या ठिकाणी काम करणारे समुपदेशक, कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक आणि ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर यांना असा गट सुरू करायचा असेल, तर त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून मी माझी पद्धत येथे सविस्तर लिहीत आहे.

गट म्हणजे काय, आणि तो कुणी घ्यावा

आपल्याकडे शाळेत "मानसिक आरोग्य मार्गदर्शन" झाले म्हणजे बहुधा सभागृहात दोनशे मुले, व्यासपीठावर पाहुणे आणि तासभराचे भाषण असते. संवादगट त्याहून अगदी वेगळा असतो. सहा ते आठ तरुण, प्रशिक्षित समुपदेशक आणि त्याचा एक सहकारी असे सगळे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, त्याच खोलीत आठ ते बारा आठवडे भेटतात आणि आपापल्या मनातले बोलतात. बोलण्यातून एकमेकांना जे मिळते, तोच उपचार असतो. बोस्टनमधील डॉक्टर जोसेफ प्रॅट यांनी 1905 मध्ये क्षयरोग्यांना एकत्र बसवून आरोग्याचे नियम शिकवायला सुरुवात केली. नियमांइतकाच त्या रुग्णांना एकमेकांच्या सोबतीचा उपयोग होतो, हे त्यांच्या लक्षात आले, आणि गटोपचाराचा इतिहास सामान्यतः तेथून सांगितला जातो. पुढे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी गटात माणूस कशामुळे सुधारतो याचे अकरा घटक मांडले. त्यांपैकी मला कोकणात सर्वांत अधिक प्रत्ययाला आलेला घटक म्हणजे "हे माझ्या एकट्याचेच नाही" ही जाणीव. ज्या गावात सगळ्यांना सगळ्यांचे सगळे ठाऊक असते, त्या गावातला मुलगाही आपल्या मनातली भीती फक्त आपल्यालाच आहे असे समजून वर्षानुवर्षे एकटा राहू शकतो.

सौम्य नैराश्यासाठी गटोपचार हा पुरेसा मान्यता पावलेला मार्ग आहे. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने मुले आणि किशोरवयीनांच्या नैराश्याविषयी दिलेल्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत, सौम्य नैराश्यासाठी सुरुवातीला देण्याच्या उपचारांमध्ये गटातील वर्तनबोधात्मक उपचार (विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणारे), गटातील आधारात्मक उपचार आणि नातेसंबंधांवर भर देणारा गटोपचार यांचा समावेश आहे. परीक्षेची धास्ती, चारचौघांत बोलण्याची भीती, घरातल्या मृत्यूनंतरचे दुःख, वडील मुंबईला आणि आपण आजीजवळ अशा विभागलेल्या घरातला एकटेपणा, यांसाठी गट चांगला चालतो असा माझा अनुभव आहे.

तो कुणी घ्यावा, याबाबत मात्र मी काटेकोर आहे. उपचार म्हणून घ्यायचा गट मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण आणि गट हाताळण्याचा अनुभव असलेल्या व्यक्तीनेच घ्यावा. शिक्षक, आशाताई किंवा सामाजिक कार्यकर्त्या सहकारी म्हणून फार मोलाच्या असतात, आणि प्रशिक्षण घेऊन देखरेखीखाली आधारगट चालवूही शकतात. पण ज्या शिक्षकाच्या हातात मुलाचे अंतर्गत गुण आहेत, त्याने त्याच मुलाच्या गटात बसू नये. मूल त्या शिक्षकासमोर खरे बोलणार नाही, आणि बोललेच तर पुढचे वर्षभर त्याच्या नजरेला नजर देणार नाही.

गट भरण्याआधीची एकेकाची भेट

गटाचे अर्धे यश पहिल्या बैठकीच्या आधीच ठरते, असे मी मानते. प्रत्येक मुलाला किंवा मुलीला आधी स्वतंत्रपणे, निदान पाऊण तास भेटावे. या भेटीत त्रास कधीपासून आहे, झोप आणि जेवण कसे आहे, कॉलेज किंवा काम सुटले आहे का, घरात कोण कोण राहते, दारू किंवा इतर व्यसन आहे का, हे विचारावे. आत्महत्येविषयीही स्पष्ट शब्दांत विचारावे: "जगणे नकोसे वाटते का? स्वतःला संपवावे असा विचार येतो का? तसे काही ठरवले आहे का?" विचारल्याने मनात नसलेला विचार येतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, इतके दिवस जे कुणीच विचारले नाही ते कुणीतरी विचारले म्हणून मूल हलके होते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

काहींना या भेटीनंतर गटात घेऊ नये, निदान लगेच घेऊ नये. ज्याचा आत्महत्येचा विचार ठाम आहे, ज्याला भास होत आहेत, जो नशेत येतो, किंवा ज्याच्यावर नुकताच लैंगिक अत्याचार झाला आहे, त्याला आधी वैयक्तिक उपचार आणि मनोविकारतज्ज्ञ यांची गरज असते. स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांचा वेगळा गट करावा, असे पुष्कळांना वाटते. मलाही एकेकाळी वाटत असे. पण इंग्लंडमध्ये 366 किशोरवयीनांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांना अशा गटाची जोड दिल्याने अधिक फायदा दिसला नाही. एकाच प्रकारचा धोका असलेली मुले एकत्र बसली की ती एकमेकांकडून धोक्याच्या गोष्टी शिकण्याचीही शक्यता असते. म्हणून एका गटात असे एक-दोनच असावेत, आणि त्यांचे वैयक्तिक उपचार गटाच्या जोडीने चालू राहावेत.

यानंतर खास आपल्याकडचा प्रश्न येतो, तो नात्यांचा. शहरातला समुपदेशक वय आणि त्रास पाहून गट करतो. कोकणात त्याआधी आडनाव, वाडी आणि भावकी पाहावी लागते. चुलत-मावस भावंडे एका गटात नकोत. ज्यांच्या घरांत जमिनीचा, गडग्याचा किंवा पालखीच्या मानाचा वाद चालू आहे, ती मुले एका गटात नकोत. ज्यांचे एकमेकांशी प्रेमप्रकरण आहे किंवा नुकतेच तुटले आहे, तेही नकोत. हे कळण्यासाठी मी प्रत्येकाला आधीच विचारते, "कोण गटात असले तर तुला बोलता येणार नाही?" आणि सांगितलेली नावे, कारण न विचारता, टाळते. वयाचा फरकही सांभाळावा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना एकवीस वर्षांच्यांसोबत बसवू नये. मी चौदा ते सोळा, सतरा-अठरा आणि त्यापुढचे असे वेगवेगळे गट करते. मुलगे आणि मुली एकत्र असावेत की नाही, याचे एकच उत्तर नाही. परीक्षेची धास्ती किंवा एकटेपणा हा विषय असेल तर एकत्र गट चांगला रंगतो. शरीराविषयीची लाज किंवा घरातली मारहाण हा विषय असेल तर वेगळा गट बरा.

अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्यावीच, आणि मुलाचा स्वतःचा होकारही तितक्याच गांभीर्याने घ्यावा. आईने हाताला धरून आणलेले मूल गटात तीन बैठका भिंतीकडे बघत बसते आणि चौथीला येत नाही.

जागा, वार आणि ऋतू

जागेबाबत माझी एक मोठी चूक झाली होती, ती सांगितलीच पाहिजे. सुरुवातीच्या एका गटासाठी मला एका गावात मोफत आणि ऐसपैस खोली मिळाली. दारावर कुणीतरी आपुलकीने कागद चिकटवला: "मानसिक रुग्ण समुपदेशन, दर शनिवारी 3 वाजता". खिडकीखालीच गावाची विहीर होती. दुसऱ्या शनिवारी आठांपैकी तीन मुले आली, तिसऱ्या शनिवारी एकही नाही. एका मुलीच्या आजीला पाणी भरताना विचारण्यात आले होते, "तुमच्या नातीक वेड लागला काय गो?" त्या मुलीला पुन्हा मदतीपर्यंत यायला पुढे वर्ष लागले. चूक कागद लावणाऱ्याची नव्हती, जागा नीट न पाहता होकार देणाऱ्या माझी होती.

तेव्हापासून मी अशी जागा शोधते की जिथे तरुण मुलाने जाण्याला इतरही दहा कारणे असू शकतात: वाचनालयाची मागची खोली, संगणक वर्गाची इमारत, महाविद्यालयात तासांनंतरचा वर्ग. तेथे पाटी लावू नये, आणि लावायचीच झाली तर "अभ्यासगट" एवढे पुरे. खोलीला दार हवे, खिडक्या रस्त्याकडे नकोत, पंख्याचा आवाज इतका नको की हळू बोललेले ऐकू येणार नाही. खुर्च्या गोलात मांडाव्यात आणि समुपदेशकाची खुर्ची इतरांसारखीच असावी. शक्य असेल तेव्हा गट मुलाच्या गावात न घेता तालुक्याच्या ठिकाणी घ्यावा. अंतर वाढते, पण त्या अंतरामुळेच मूल मोकळे होते. वेळ ठरवताना मात्र शेवटची एसटी कितीला सुटते हे आधी विचारावे, कारण संध्याकाळची गाडी चुकेल या धास्तीने सतत घड्याळ पाहणारे मूल काहीच बोलत नाही.

ऋतूंचा विचार न करता आखलेला गट कोकणात टिकत नाही. मार्च ते मे आंब्याचा हंगाम असतो, आणि बागायतदाराच्या घरातली मुले पेट्या भरायला लागतात. शिमग्याला आणि गणपतीला घरे भरलेली असतात. चाकरमान्यांनी भरलेल्या घरातून बाहेर पडून गटाला येणे मुलींना तर अशक्यच होते. माझ्या अनुभवात गौरीगणपतीनंतर सुरू होऊन दिवाळीची सुट्टी वगळून डिसेंबरअखेर संपणारा गट सर्वांत नीट चालतो. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो, त्याचा अभिमान सगळ्यांना आहे; पण त्या पहिल्या क्रमांकाच्या विभागात नापास होणाऱ्या किंवा साठ टक्क्यांवर थांबणाऱ्या मुलाची लाज किती खोल जाते, हे निकालाच्या आठवड्यात गट घेतल्याशिवाय कळत नाही. म्हणून गट संपला असला तरी निकालानंतर चार-पाच दिवसांत एक जादा बैठक ठेवावी.

मासेमारी करणाऱ्या घरांचे गणित आणखी वेगळे असते. 1 जून ते 31 जुलै समुद्रातली मासेमारी बंद असते आणि एरवी दर्यात असणारे वडील दोन महिने घरी असतात. काही घरांत हा सुखाचा काळ असतो. काही घरांत उत्पन्न थांबलेले असते, दारू वाढलेली असते आणि मूल घराबाहेर राहण्याची कारणे शोधत असते. बंदराजवळच्या गावांत मी एक लहान, सहा आठवड्यांचा गट मुद्दाम याच काळात घेते. चिपळूणच्या बाजूला जुलैतला गट घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: 22 जुलै 2021 चा पूर ज्या मुलांनी पोटमाळ्यावर किंवा गच्चीवर बसून काढला, त्यांचे कान पावसाचा जोर वाढला की वाशिष्ठीकडे लागतात. त्या दिवशी ठरलेला विषय बाजूला ठेवून पावसाविषयीच बोलू द्यावे.

गुप्ततेचा करार

पहिल्या बैठकीत गुप्ततेविषयी सांगायचे ते कागदावरून वाचून दाखवू नये, साध्या भाषेत बोलावे. मी साधारण असे सांगते: "इथे जे ऐकाल ते इथेच ठेवायचे. स्वतःचे बाहेर सांगायला हरकत नाही, दुसऱ्याचे सांगायचे नाही. आईला नाही, सगळ्यांत जवळच्या मैत्रिणीला नाही, नाव गाळूनसुद्धा नाही, कारण आपल्या गावात नाव गाळले तरी माणूस ओळखू येतो." हे शेवटचे वाक्य ऐकले की सगळे मान हलवतात. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या शब्दांत वचन द्यावे. रस्त्यात किंवा जत्रेत गटातले कुणी भेटले तर ओळख दाखवायची की नाही, कुणी विचारले तर "कुठे जातोस?" याचे काय उत्तर द्यायचे, हेही त्याच दिवशी ठरवून घ्यावे. बारीकसारीक वाटणाऱ्या या गोष्टींवर अर्धा तास गेला तरी तो वाया गेलेला नसतो.

गुप्ततेला असलेल्या मर्यादाही त्याच वेळी, कुणी काही सांगण्याआधी सांगाव्यात. जिवाला धोका आहे असे दिसले तर समुपदेशक गप्प राहू शकत नाही. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलीच्या किंवा मुलाच्या संमतीला अर्थ नसतो, त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्यांचे परस्परांच्या इच्छेने आलेले संबंधही त्याच्या कक्षेत येतात. हे आधी सांगितले की काही मुले काही गोष्टी बोलत नाहीत, हे खरे आहे. तरीही आधीच सांगावे. विश्वासाने बोललेल्या मुलीला नंतर "आता मला कळवावे लागेल" असे ऐकवण्याइतका मोठा विश्वासघात दुसरा नाही.

नोंदी ठेवाव्यात, पण थोड्या. हजेरीच्या वहीत नावांऐवजी क्रमांक लिहावेत, क्रमांक आणि नावांची यादी वेगळ्या कुलपात ठेवावी, आणि वही कुठल्याही कार्यालयाच्या टेबलावर राहू देऊ नये. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्या व्यक्तीला गुप्ततेचा अधिकार दिलेला आहे, प्राचार्यांनी किंवा सरपंचांनी "कोण कोण येते?" असे सहज विचारले तरी नावे सांगू नयेत. गटाचा व्हॉट्सअॅप ग्रुप करू नये. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, स्क्रीनशॉट निघतात, आणि अनेक घरांत एकच फोन आई, भाऊ आणि मुलगी असे तिघे वापरतात. निरोप एकेकाला द्यावा आणि तो "शनिवारी 3 वाजता वर्ग आहे" एवढाच असावा.

पहिल्या बैठका आणि शांतता

बैठक दीड तासाची असावी. सुरुवातीला प्रत्येकाने आठवडा कसा गेला ते दोन-तीन वाक्यांत सांगावे, मग तासभर मोकळे बोलणे, आणि शेवटची पंधरा मिनिटे मन शांत करून घरी जाण्यासाठी राखून ठेवावीत. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी मुलाला एसटीत चढावे लागू नये.

नवख्या समुपदेशकाला सगळ्यांत जड जाते ती शांतता. कुणी बोलत नाही असे दिसले की तो स्वतः बोलू लागतो, उदाहरणे देतो, उपदेश करतो, आणि गट त्याच्या हातातून भाषणाकडे जातो. एका गटातली तिसरी बैठक मला आठवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. आठवडा कसा गेला, हे सगळ्यांनी "बरा" या एका शब्दात संपवले होते. मग कुणीच बोलेना. बाहेर सुपारीच्या बागेत कुणीतरी झावळ्या ओढत होते, तेवढाच आवाज. एक मुलगा, नौकेवर तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, असलेल्या बापाचा, हातातल्या नायलॉनच्या दोरीच्या तुकड्याला जाळ्याची गाठ मारत आणि सोडवत बसला होता. माझ्या सहकाऱ्याने बोलण्यासाठी तोंड उघडले, मी मानेने नको म्हटले. चार मिनिटे गेली असतील. गाठीकडे पाहतच तो मुलगा म्हणाला, "पप्पा घराक असले की माका घराक जावचा वाटणा नाय." पुन्हा शांतता. मग समोरची, एकदाही न बोललेली मुलगी म्हणाली, "माझा पण तसाच आसा." त्या मुलाने तेव्हा पहिल्यांदा मान वर करून गोलात कोण कोण बसले आहे ते पाहिले.

अशा वेळी समुपदेशकाने काय करावे? फार थोडे. "का नकोसे वाटते?" असे विचारून चौकशी सुरू करू नये, "वडील आपल्यासाठीच कष्ट करतात" असे तर मुळीच म्हणू नये. मी एवढेच म्हटले, "दोघांनी एकच गोष्ट सांगितली. आणखी कुणाचे असे होते?" पुढचा तासभर गट स्वतःच बोलला.

भाषेविषयी एक सांगते. मुलांना त्यांच्या बोलीत बोलू द्यावे. मालवणी असो, संगमेश्वरी असो की आगरी. प्रमाण मराठीत बोलताना मूल शाळेत असल्यासारखे नीटनेटके, बरोबर उत्तर देते. "नैराश्य" हा शब्द ते वापरणार नाही, पण "कायेक सुचना नाय" किंवा "जीव घाबरता" असे सांगेल, आणि उपचाराला तेच शब्द अधिक उपयोगी पडतात. समुपदेशकाला बोली येत नसेल तर निदान सहकारी तरी ती बोलणारा असावा.

मधल्या बैठका

चौथ्या-पाचव्या बैठकीनंतर मोकळ्या बोलण्याला एखाद्या कौशल्याची जोड द्यावी. मी बहुतेक वेळा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ पद्धतीचा आधार घेते. कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणल्यामुळे तिच्यासाठी आपल्याकडे चांगले शब्द तयार आहेत. घडलेली घटना, तिच्याविषयी मनात आलेला विचार आणि त्यातून उठलेली भावना हे तीन वेगळे करायला शिकवणे, हा तिचा गाभा. समजा, एका मुलीने सांगितले, "मला बासष्ट टक्के मिळाले, आता मुंबईच्या काकांना तोंड कसे दाखवू?" फळ्यावर तीन रकाने आखावेत आणि गटालाच विचारावे की यात घडले काय आणि मनाने जोडले काय. बासष्ट टक्के हे घडले. "काका मला कमी लेखतील" हा अंदाज. "काकांनी कमी लेखले तर मी कुठल्याच कामाची नाही" ही समजूत, आणि खरे दुखणे तिच्यात आहे. ही तिसरी ओळ समुपदेशकाने सांगण्यापेक्षा शेजारी बसलेल्या मुलाने शोधून काढली तर तिचा परिणाम कितीतरी अधिक होतो.

प्रत्येक गटात एक जण फार बोलतो आणि एक जण बोलतच नाही. फार बोलणाऱ्याला सर्वांसमोर थांबवून लाजवू नये, "तू सांगितलेस ते ऐकून इतरांना काय वाटले?" असे विचारून बोलणे दुसऱ्याकडे न्यावे. न बोलणाऱ्यावर बळजबरी करू नये, पण निघताना दारात "आज ऐकताना कसे वाटले?" एवढे जरूर विचारावे. काही मुले दहा बैठका ऐकूनच बरी होतात. कुणी सल्ले देऊ लागले, "देवाचे नाव घे", "व्यायाम कर", "तिला विसरून जा", तर त्याला थांबवून म्हणावे, "तुझ्यावर असे काही आले होते का, ते सांग." उपदेश थांबतो आणि आपबिती सुरू होते.

कधीतरी करार मोडेल. कुणीतरी बाहेर बोलेल आणि ते फिरून येईल. तसे झाले तर ते पुढच्याच बैठकीत सर्वांसमोर, चौकशीचा सूर न लावता मांडावे. ज्याचे बाहेर गेले त्याला काय वाटले हे आधी ऐकावे. ज्याने सांगितले त्याला बोलू द्यावे, आणि त्याला गटात ठेवायचे की नाही हे दुखावलेल्याच्या इच्छेचा मान राखून ठरवावे. हे न बोलता पुढे गेलेला गट त्या दिवसापासून नुसता हजेरीपुरता उरतो.

धोका दिसला तर

बैठकीत कुणी जीव देण्याविषयी बोलले, तर त्याला बाहेर काढून गटापासून तोडू नये आणि विषय बदलूही नये. शांतपणे ऐकावे, बैठक सहकाऱ्याकडे सोपवून किंवा संपल्यावर लगेच त्याच्याशी एकट्याने बोलावे, आणि तो एकटा घरी जाणार नाही याची व्यवस्था करावी. पालकांना काय सांगायचे ते आधी मुलाशी बोलून ठरवावे, पण सांगावेच. आंब्याच्या फवारणीची औषधे आपल्याकडे पडवीत किंवा खोपीत उघड्यावर असतात; ती त्याच दिवशी कुलपात जातील, याची खात्री पालकांकडून करून घ्यावी. घरच्यांना पोलिसांची भीती असते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे मानून तिला शिक्षा करू नये, असे 2017 च्या कायद्याचे कलम 115 सांगते, हे त्यांना समजावून द्यावे.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून दिवसरात्र मोफत चालू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. मुलांसाठी 1098 ही मदतवाहिनी आहे. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी होते. गट सुरू करण्याआधीच समुपदेशकाने या ठिकाणी स्वतः जाऊन कोणत्या वारी कोण डॉक्टर असतात ते पाहून यावे. ऐन अडचणीच्या संध्याकाळी हे शोधायला वेळ मिळत नाही.

घरची माणसे

गट चालू असताना पालकांची दोनदा वेगळी बैठक घ्यावी, एकदा सुरुवातीला आणि एकदा मध्यावर. तेथे मुलांनी काय सांगितले हे उघड करू नये. त्रास कसा ओळखावा, घरी काय टाळावे, एवढेच बोलावे. बरेच पालक आधी देवऋषीकडे किंवा भगताकडे जाऊन आलेले असतात, आणि कुणी देवळात गाऱ्हाणे घातलेले असते. त्यावरून त्यांना हिणवू नये. गाऱ्हाणे घालणारी आई मुलासाठी तळमळत असते, आणि तीच तळमळ तिला आपल्यापर्यंत घेऊन आलेली असते. मी म्हणते, "काकी, गाऱ्हाणे घातलेत ते असू दे, आता शनिवारी त्याला इकडेही पाठवा." मात्र मुलाला मारहाण, उपाशी ठेवणे किंवा चालू औषधे बंद करणे असे काही सांगितले गेले असेल, तर तेथे ठामपणे नाही म्हणावे.

गट संपवताना

गट कधी संपणार हे पहिल्या दिवसापासून सर्वांना माहीत असावे, आणि शेवटच्या तीन बैठकांत त्याची आठवण करून द्यावी. ज्यांना घरातून माणसे निघून जाण्याची सवय झाली आहे, गणपतीनंतर वडिलांना एसटीत बसवून परत येण्याची सवय झाली आहे, त्यांना हा शेवट जड जातो. त्याविषयी गटातच बोलावे. शेवटच्या बैठकीत प्रत्येकाने उरलेल्या प्रत्येकाला, त्याच्याकडून आपल्याला काय मिळाले, ते एका वाक्यात तोंडी सांगावे. लिहून दिलेला कागद घरी कुणाच्याही हाती लागू शकतो.

महिन्याभराने प्रत्येकाला एकदा एकट्याने भेटावे आणि झोप, जेवण, अभ्यास किंवा काम यांची पहिल्या भेटीतल्या नोंदीशी तुलना करावी. ज्यांचा त्रास तसाच आहे त्यांना पुढच्या तज्ज्ञाकडे पाठवावे. जूनमध्ये काही मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मुंबई-पुण्याला जातात आणि तेथे त्यांना ना वाडी असते, ना गट. त्यांना निघण्यापूर्वी बोलावून घ्यावे, 14416 हा क्रमांक त्यांच्याच हाताने फोनमध्ये साठवून घ्यावा, आणि तो कोणत्या नावाने साठवायचा हे त्यांना ठरवू द्यावे. एका मुलीने तो "शनिवार" या नावाने ठेवला आहे.